माझ्या जागी कदम

टीव्हीवर माझ्या बायकोच्या नवऱ्याचं काम मला मिळालं नाही. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या कदमांना मिळालं. कदमांनी आयुष्यात कधी अभिनय केला नव्हता आणि मी अठरा वर्षं करत होतो. नेमकं तेच त्यांना फळलं आणि मला भोवलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो. केबलवाल्याची काळी वायर नुकतीच या गच्चीवरून त्या गच्चीवर झोके घेत आमच्या खिडकीतून आत आली होती आणि तिच्यातून दर महिन्याला एक नवं चॅनेल टपकत होतं. मी ठाण्याच्या एका कचेरीत कारकून होतो. पण तो आपला पोटापुरता. खरा मी नट! गणपतीतली नाटकं, स्पर्धेतली नाटकं, सोसायटीच्या पूजेतली नाटकं, काही म्हणून सोडलं नव्हतं. एका स्पर्धेत अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. (त्या वर्षी परीक्षकांनी एकूण अकरा जणांना उत्तेजन दिलं होतं. पण हे मी सहसा सांगत नाही.)

अशा मला एका नव्या चॅनेलवरच्या तेरा भागांच्या मालिकेत पोस्टमनचं काम मिळालं. हातात पत्रं, खांद्यावर झोळी आणि प्रत्येक भागात निदान दोन वाक्यं. घोडबंदर रोडवरच्या एका बंगल्यात शूटिंग असायचं. मालिकेत निवृत्त पोस्टमास्तर झाले होते नाना. नाना म्हणजे साठीचे, सडसडीत, आवाज असा की कुजबुजले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. ते खोपटला एसटी डेपोच्या मागे एका खोलीत राहायचे. माझ्यासारखी त्यांना नोकरी नव्हती. उभा जन्म नाटकात गेला, नाटकाचे प्रयोग कमी झाले, आणि आता या तेरा भागांवर पुढचं वर्ष निघेल असा त्यांचा हिशेब होता.

चार भाग झाले. पाचव्या भागाला मी कचेरीत आईला ताप आल्याचं सांगून रजा घेतली (आई तेव्हा घरी ठणठणीत लोणचं घालत होती) आणि बंगल्यावर पोचलो, तर गेटला कुलूप! बाहेर नाना उभे आणि प्रॉडक्शन बघणाऱ्या शर्मिला मॅडम हातात पॅड धरून इकडे तिकडे बघतायत.

"मालिका थांबवलीये," मॅडम म्हणाल्या. "त्या वेळेला चॅनेल दुसरा कार्यक्रम करतंय. खऱ्या कुटुंबांचा. त्यांना आता खरी माणसं हवीत."

"आणि आम्ही काय खोटी आहोत?" नानांनी विचारलं.

"तसं नाही हो नाना. पण तुम्ही लिहिलेलं बोलता ना. म्हणजे लेखक आला, त्याचे पैसे आले. तुमचे आले. कपडेपट आला. खरी माणसं फुकट येतात. वर घरून इस्त्रीचे कपडे घालून येतात!"

नाना म्हणजे चाळीस वर्षं इतरांनी लिहिलेली उत्तरं तोंडपाठ असलेला माणूस, पण याचं उत्तर कुणी लिहून दिलं नव्हतं. ते नुसते गेटच्या कुलपाकडे बघत राहिले. मला काय, दुसऱ्या दिवशी कचेरी होती. त्यांना काहीच नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा मॅडमना बहुधा वाईट वाटलं. त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला फॅमिली आहे ना? मग या की तुम्ही कार्यक्रमात! 'खरं सांगा, घरचं सांगा' नाव आहे. आई, मुलगा, सून, असे तिघं लागतात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या दाराने काढलं ना? मग मी मागच्या दाराने शिरतो! निर्माता मला बघेल, थक्क होईल, म्हणेल, 'अरे, हा माणूस कुठे होता इतके दिवस?' (मी चार भाग त्याच्याच मालिकेत होतो, हे त्या क्षणी सुचलं नाही.)

घरी येऊन मी हे जाहीर केलं. आई तांदूळ निवडत होती.

"तिथे जाऊन करायचं काय?" तिने विचारलं.

"काही नाही. आपण जसे आहोत तसं राहायचं."

"मग त्याला ठाण्याला कशाला जायचं? इथे आहोतच की."

"अगं आई, टीव्हीवर दिसणार आपण!"

"तू मागेही म्हणालेलास. मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, आमचा विल्या दिसणार म्हणून. अजून दिसतोयस!"

बायको, मीना, स्वयंपाकघरातून म्हणाली, "पहिलं बक्षीस काय आहे?"

"मिक्सर."

"येते मी."

खरी माणसं म्हणून जायचं तर तयारी नको का? मी दोनशे पानी वही आणली आणि आमचे नैसर्गिक संवाद लिहून काढले. आठ दिवस रोज संध्याकाळी तालीम. कदम खालून पेपर परत करायला यायचे ते चहा घेत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि बघायचे. कदम म्हणजे एमआयडीसीतल्या एका कंपनीत फोरमन, मितभाषी माणूस. त्यांची बायको मुलांना घेऊन रत्नागिरीला माहेरी गेली होती, त्यामुळे संध्याकाळी त्यांना दुसरी करमणूक नव्हती.

"मीना, तू इथून प्रवेश कर आणि म्हण, 'अहो, ऐकलंत का?'"

"मी असं कधी म्हणते?"

"मग काय म्हणतेस?"

"'कुठे तडमडलात' म्हणते."

"ते टीव्हीवर चालणार नाही! आई, तू या वाक्यावर हसायचंस. बघ, मी कंसात लिहिलंय, 'आई हसते.'"

"हसू आलं तर हसेन."

"यायलाच पाहिजे!"

"मग विनोद बदल," आई म्हणाली. कोपऱ्यात कदम मात्र हसले.

शूटिंगच्या दिवशी आईच्या गुडघ्यांनी संप केला. तिला स्टेशनचे जिने चढवणार कोण? शेवटी कदम म्हणाले, "माझी व्हॅन आहे ना. मी सोडतो." हा माणूस असा पडेल त्या कामाला धावायचा, म्हणून तर सगळं घडलं. शूटिंग वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गोदामात होतं. आत रंगीत पडदे, एक सोफा, एक खोटी खिडकी, खिडकीबाहेर खोटं आकाश. खरी माणसं तेवढी बसवायची बाकी होती.

समोर प्रेक्षकांच्या पन्नासेक खुर्च्या होत्या. तिसऱ्या रांगेत नाना बसले होते! मी हात केला, त्यांनीही केला, पण काही बोलणार तोच आम्हाला सोफ्यावर नेलं.

निवेदिकेने मोठ्ठं हसून आईला पहिलाच प्रश्न टाकला, "आजी, सुनेची एक खोड सांगा!"

वहीत उत्तर होतं, 'आमच्या सुनेत खोड शोधूनही सापडणार नाही.' आईने वही केव्हाच मनातून फेकून दिली होती. ती म्हणाली, "ही आमटीत गूळ घालायला विसरते आणि वर मलाच म्हणते, तुमची चव गेली."

"आणि तुम्ही गुपचूप उठून घालता!" मीना ताडकन म्हणाली. "मग मीही घातलेला असतो! मग त्या आमटीची बासुंदी होते!"

"ती बासुंदी तू दोनदा वाढून घेतेस!"

गोदाम हसून हसून हललं. आता वाक्य माझं. मी उठलो. (सोफ्यावर बसून वाक्य पोचत नाही.) उजवा हात वर केला, प्रेक्षकांकडे तीन चतुर्थांश वळलो आणि म्हणालो, "नात्यांचा गोडवा... आमटीत उतरणारच!"

 कुठेतरी पंखा फिरत होता तो ऐकू आला.

"कट!" कॅमेऱ्यामागून निर्माता ओरडला. "हे कोण आहेत?"

"नवरा," शर्मिला मॅडम म्हणाल्या.

"खरा?"

"हो."

"वाटत नाही!"

पुन्हा घेतलं. निर्माता म्हणाला, "साहेब, जरा कमी करा." मी हात अर्ध्यावर आणला. "अजून कमी." मी हात खिशात घातला. "अजून!"

"किती कमी करू?"

"काहीच करू नका!"

मग मी सर्वस्व पणाला लावून काहीच केलं नाही. श्वास रोखला, नजर दूर लावली, चेहऱ्यावर शून्य भाव आणले.

"कट! हे काय करताय?"

"काही नाही."

"तेच दिसतंय ना! तुम्ही 'काही नाही' करताय! लोकांना कळतंय!"

पाचव्या टेकला आई जांभया द्यायला लागली. तिच्या जांभया निर्मात्याला फार आवडल्या. सातव्या टेकला त्याला संशय आला की मी कुणीतरी भाड्याने आणलेला नट आहे. मी चिडून रेशनकार्ड काढलं. (पुरावा म्हणून मॅडमनीच आणायला सांगितलं होतं.) त्याने ते उलटसुलट करून वाचलं आणि परत दिलं.

"कागदावर ठीक आहे," तो म्हणाला. "पडद्यावर नाही."

आणि नेमके त्याच वेळी कदम आत आले! दारावरचा माणूस 'शूटिंग चालू आहे' म्हणत मागे धावत होता, पण कदमांना त्याचं काही नव्हतं. सरळ सोफ्यापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, गाडी हलवायला सांगतायत, अजून किती वेळ? आणि आजींची गुडघ्याची गोळी गाडीतच राहिली. घ्या आजी, पाणी पण आणलंय. सगळं प्या, मागच्या वेळेसारखं अर्धं नको."

"तू गप रे," आई म्हणाली आणि सगळं पाणी प्यायली.

निर्माता खुर्चीवरून उठून उभा राहिला. "हा! हा नवरा!"

"ते आमचे शेजारी आहेत," मी म्हणालो.

"कुणाला माहितेय?"

"पण कार्यक्रमाचं नाव 'खरं सांगा' आहे ना!"

"म्हणूनच तर! खरा वाटणारा माणूस नको का?"

कदम घाबरले. "साहेब, मला अॅक्टिंग येत नाही."

"देव पावला!" निर्माता म्हणाला.

आता सगळं मीनावर आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, कदमांकडे पाहिलं. मी डोळ्यांत अठरा वर्षांची तपश्चर्या आणून तिच्याकडे बघत होतो. (निर्माता मागून म्हणाला, "पाहिलंत? परत सुरू झालं!")

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"हे असतील तर संध्याकाळ होईल. ते असतील तर वीस मिनिटं."

"अहो," मीना मला म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती खरंच 'अहो' म्हणाली, "माझी पर्स धरता का जरा?"

"आई, तू तरी काही बोल!"

"विल्या, बस बाबा बाजूला," आई म्हणाली. "दमले मी. कुणीही चालेल आता."

मी पर्स घेऊन प्रेक्षकांत गेलो. तिसऱ्या रांगेत नानांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काढलं मला."

"कशातून?"

"घरातून."

नानांनी माझ्या हातातल्या पर्सकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला निदान दुसऱ्याच्या भूमिकेतून काढलं होतं."

"तुम्ही इथे कसे?"

त्यांनी समोरच्या दोन दिव्यांकडे बोट केलं. "लाल लागला की टाळ्या, पिवळा लागला की हसायचं. दिवसाचे पैसे मिळतात, जेवण मिळतं. शर्मिलाने दिलं काम. चांगली आहे पोर."

"नाना, तुम्ही टाळ्या वाजवणार?"

"का? अरे, एवढ्या गर्दीत मी एकटा पगारी नट आहे आज!" ते हसले, आणि मग न हसता म्हणाले, "कंटाळा आला रे विलास. पण घरी बसून तरी काय करू? डेपोत कुठली एसटी किती वाजता सुटते ते सगळं पाठ झालंय."

तेवढ्यात पिवळा दिवा लागला आणि नाना हसले. काय हसले! पोटातून, गडगडाटी, मागे रेलून. त्यांच्याबरोबर आख्खी रांग हसली, मागची रांग हसली, सोफ्यावरची आईसुद्धा हसली. नाना इतकं खरं हसत होते की मला रडू यायला लागलं. मी मीनाची पर्स घट्ट धरून बसलो.

समोर कदम सुटले होते.

"तुमच्या बायकोचा वाढदिवस?" निवेदिकेने विचारलं.

"एकोणतीस मार्च," कदम म्हणाले. बरोबर होतं! दर वर्षी त्यांच्या घरी शिऱ्याची वाटी जायची, लक्षात राहणारच. (मी मनातल्या मनात एकोणीस म्हणालो होतो.)

"त्यांना कुठली भाजी आवडत नाही?"

"दोडका."

"आणि त्यांना सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा येतो?"

कदमांनी प्रामाणिकपणे विचार केला. आमच्या घरात आठ दिवस स्टुलावर बसून जे पाहिलं होतं, ते आठवलं असावं. "नवऱ्याच्या नाटकांचा," ते म्हणाले.

खरा नवरा कोण ते बघून बसलेले प्रेक्षक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. या वेळी पिवळा दिवा लावावाच लागला नाही.

वीस मिनिटं म्हणाले होते, अठरा लागली. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. आम्हाला म्हणजे, त्यांना. मिक्सर गाडीत ठेवायला मात्र निर्मात्याने मलाच सांगितलं. "जरा ते उचला हो, काका!" माझं वय तेव्हा अडतीस होतं.

तीन आठवड्यांनी रविवारी कार्यक्रम लागला. सगळी बिल्डिंग आमच्या घरात, शेजाऱ्यांच्या घरात, जिथे टीव्ही असेल तिथे. सोसायटीने काही नावं ठेवली नाहीत. उलट सेक्रेटरी म्हणाले, "जोडा शोभला हो!" सोमवारी कचेरीत कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना? रजा हवी तर घ्या."

केबल रत्नागिरीलाही पोचली होती, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मंगळवारी सकाळी रातराणीतून उतरून, दोन पिशव्या आणि दोन मुलांसकट कदमवहिनी थेट आमच्या दारात! कदम त्यांच्या मागे जिन्यात उभे, तोंडाला दाढीचा साबण तसाच.

"सोळा वर्षं झाली लग्नाला," वहिनी म्हणाल्या. "माझा वाढदिवस कधी असतो ते विचारा ह्यांना! विचारा!"

कदमांनी खूप विचार केला. एवढा वेळ निवेदिकेनेही त्यांना दिला नसता.

"पावसाळ्यात," ते शेवटी म्हणाले.

आईने वहिनींना आत बसवलं, पाणी दिलं, सगळा प्रकार गुडघ्याच्या गोळीपासून सांगितला. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतला. मग उठल्या, आमच्या ओट्यावरचा मिक्सर वायर गुंडाळून काखोटीला मारला आणि म्हणाल्या, "नवरा माझा वापरलात ना? मग हाही माझाच." आणि गेल्या. मिक्सरच्या आधी खोबरं आम्ही पाट्यावरच वाटत होतो, ते पुढेही दोन वर्षं वाटत राहिलो.

मालिका काही परत सुरू झाली नाही. खऱ्या माणसांचा कार्यक्रम इतका चालला की चॅनेलने आणखी दोन तसलेच काढले आणि आमच्या ओळखीतले चार-पाच नट हळूहळू तिथल्या खुर्च्यांवर दिसायला लागले, टाळ्या वाजवताना. कोऱ्या टेपा संपल्या तेव्हा आमचे न दाखवलेले चार भाग पुसून त्यांच्यावरच नवे भाग घेतले, असं शर्मिला मॅडमनी सांगितलं. मी ते नानांना सांगायला खोपटला गेलो. मला वाटलं ते चिडतील. ते चहा ढवळत म्हणाले, "म्हणजे खाली कुठेतरी आपण आहोतच."

त्यानंतर महिन्याभराने मी आईला घेऊन बाजारात गेलो होतो. मी पिशव्या धरलेल्या, आई भेंडी मोडून बघतेय. तेवढ्यात एक अनोळखी बाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आईचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही त्या टीव्हीतल्या आजी ना? आमटीवाल्या? अय्या! आणि काय गुणी मुलगा हो तुमचा! गोळी देतो, पाणी देतो!" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हे कोण?"

"हा माझा मुलगा," आई म्हणाली.

"छे हो, तुमच्या मुलाला मी पाहिलंय ना! हा नव्हे."

आईने माझ्याकडे पाहिलं. ऊन मी म्हणत होतं, गुडघे दुखत होते, समजावून सांगायचं तर सगळं मालिकेपासून सांगावं लागलं असतं. तिने एक सुस्कारा सोडला.

"हा धाकटा," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांनी चालून आलेली भूमिका! मी पिशव्या खाली ठेवल्या, किंचित लाजलो, खांदे पाडले, आणि घरात सगळ्यांत लहान असलेल्या मुलाचा नमस्कार केला.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईच्या कानाशी लागून, पण मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा जरा नाटकी वाटतो, नाही?"